पानशेतचा पूर, मोबाईल आणि आमची नववी

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करते. मी पुण्यात नववीला इतिहास शिकवते. बरीच वर्षं 'प्रोजेक्ट' या नावाखाली मी मुलांकडून काय करून घेतलं? कार्डशीटवर चित्रं चिकटवून घेतली. मजकूर इंटरनेटवरचा, अक्षर आईचं, मार्क मुलाला! मग शाळेत स्मार्ट बोर्ड आला. वाटलं, आता वर्ग बदलणार. कसलं काय! आधी मुलं फळ्यावरचं उतरवून घ्यायची, आता स्क्रीनवरचं.

बदल झाला तो एका प्रश्नामुळे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्यात शिरलं. नदीकाठच्या पेठांमधली हजारो घरं गेली. हे दोन मिनिटांत सांगून मी पुढे जाणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आमच्या गोखलेनगरला पाणी आलं होतं का?" म्हटलं, मी सांगणार नाही. तुम्हीच शोधा.

प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग म्हणतात ते हेच. धडा संपल्यावर करायची सजावट म्हणजे प्रोजेक्ट नव्हे. ज्याचं तयार उत्तर पुस्तकात नाही असा खरा प्रश्न घ्यायचा आणि तो सोडवता सोडवता धडा शिकायचा.

मुलांनी पाच-पाच जणांचे गट केले आणि ओळखीच्या आजी-आजोबांना गाठलं. नियम साधे होते. आधी परवानगी, मग रेकॉर्डिंग. फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद. फाइलच्या नावात १९६१ मधला पत्ता आणि आजची तारीख. आणि 'हो-नाही'त संपतील असे प्रश्न नकोत. "घाबरलात का?" असं नाही विचारायचं. "त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?" असं विचारायचं आणि मग गप्प बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड!

आठवड्याभरात भांडण सुरू झालं. एक आजोबा म्हणाले, पाणी सकाळीच आलं. दुसऱ्या आजी म्हणाल्या, छे, दुपारी, जेवणं व्हायची होती. मुलांना वाटलं, कुणीतरी एक जण चुकतंय. मग आम्ही गुगल माय मॅप्सवर एकेका आठवणीची पिन टाकली, पिनवर वेळ लिहिली. आणि चित्र स्पष्ट झालं. आजोबांचं घर अगदी नदीला लागून होतं, आजींचा वाडा बराच आत, चढावर. पाणी चढत चढत गेलं होतं. दोघंही खरं बोलत होते!

बघा, हेच काम मी फळ्यावर 'साधनांची चिकित्सा' असं लिहून वर्षानुवर्षं शिकवत होते. कुणाला कळलं नव्हतं. इथे नकाशाने ते दाखवलं. पुढे मुलांनी ग्रंथालयात जाऊन जुलै १९६१ ची वर्तमानपत्रं चाळली आणि आठवणी त्यांच्याशी ताडून पाहिल्या. तंत्रज्ञानाचा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे: पुरावे शेजारी शेजारी मांडता येतात.

आणि त्या मागच्या बाकाचं काय झालं? गोखलेनगरला पाणी आलं नव्हतं. पण ती वसाहत पूरग्रस्तांसाठीच वसवलेली! म्हणजे पाणी त्याच्या घरापर्यंत पोचलं नाही, तरी त्याचं घर तिथे आहे ते त्या पाण्यामुळेच. हे वर्गात सांगताना पोराचा आवाज जरा कापत होता.

आता एक वाईट वाटणारी गोष्ट. आमच्या यादीत आणखी एक आजी होत्या. चाचणी परीक्षा आली, म्हणून मीच म्हटलं, "पुढच्या रविवारी जा." त्या रविवारच्या आधीच आजी गेल्या. आमच्या ड्राइव्हवर त्यांच्या नावाचं फोल्डर अजून आहे. आत काहीच नाही.

१९६१ मध्ये दहा वर्षांची असलेली माणसं आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. तुमच्या गावात पानशेत नसेल. १९७२ चा दुष्काळ असेल, १९९३ चा किल्लारीचा भूकंप असेल, बंद पडलेली गिरणी असेल. हा भाग ज्या फोनवर ऐकताय, त्यातच रेकॉर्डर आहे. आज जेवणं झाली की आजीजवळ बसा, विचारा आणि गप्प बसा.

भेटू पुढच्या भागात!