भालच्या माळावरील तेलनगरी

आपण धान्याचे व्यापारी प्रवास करतो तो बहुधा मालाच्या निमित्ताने. स्टेशनाहून बाजारात, बाजारातून गोदामात आणि गोदामातून परत स्टेशनावर, एवढीच आपली प्रदक्षिणा. गावाच्या वेशीबाहेर काय आहे हे पाहण्यास सवड नसते, आणि खरे बोलावयाचे तर इच्छाही नसते. गेल्या फाल्गुनात मात्र आम्ही चौघे व्यापारीबंधू वडोदऱ्याहून खंभातेस गेलो ते दोन उद्देश धरून. एक, भाल प्रदेशातील नव्या गव्हाचे नमुने पाहणे. आणि दुसरा, ज्या भूमीतून गुजरातचे पहिले खनिज तेल निघाले ती भूमी डोळ्यांनी पाहणे. आपल्या मंडळातील काही तरुण तेलक्षेत्रांच्या आसपास दुकाने व गोदामे घालण्याचा विचार करीत आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी आम्हांस वारंवार विचारले, “पैसा घालावा की न घालावा?” न पाहता उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटेना, म्हणून हा प्रवास.

वडोदऱ्याहून आणंद, आणि तेथून गाडी बदलून पेटलाद-तारापूरवरून खंभात, असा आमचा मार्ग. आणंदपासूनची ही शाखा सुमारे पन्नास किलोमीटरांची आहे. पेटलादपर्यंत चरोतरची हिरवीगार शेते, आंबे, रायणी व तंबाखू यांची सोबत असते. पुढे झाडे विरळ होत जातात, जमीन काळी व सपाट होते, आणि क्षितिजापर्यंत नजरेला अडविणारे काही उरत नाही. येथून भाल सुरू होतो. भाल म्हणजे कपाळ. नाव कोणी ठेवले असेल ते असो, पण ते सार्थ आहे. खंभातच्या आखाताकडून येणारा खारा वारा या उघड्या कपाळावर अखंड वाहत असतो. डोक्यावरची टोपी हाताने धरल्याखेरीज आम्हांस चार पावलेही चालता येईना.

या ओसाड दिसणाऱ्या भूमीत जो गहू पिकतो तो मात्र अव्वल. पावसाळ्यात या शेतांत पाणी साचून राहते. ते ओसरले की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पेरणी होते, आणि पुढे एक थेंबही पाणी न देता केवळ जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक उभे राहते. दाणा लांबट, कठीण व अंबरासारखा पिवळसर. आपल्याकडील बन्सीच्या जातकुळीचा. रवा, लापशी व शेवया यांसाठी याच्या तोडीचा गहू थोडा. सन २०११ मध्ये या ‘भालिया’ गव्हास भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही शेतावर ओंब्या चोळून दाणे दातांखाली धरले, तेव्हा आमच्यातील ज्येष्ठ आडत्ये म्हणाले, “हा दाणा दात मागतो!” व्यापाऱ्याच्या तोंडून याहून मोठी प्रशस्ती निघत नाही.

खंभात, जुन्या मराठी कागदांतील खंबायत, हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते. तेराव्या शतकात येथील कारभार वस्तुपाल मंत्र्यांच्या हाती होता. परदेशी प्रवाशांनी येथील समृद्धीची वर्णने लिहून ठेविली आहेत. येथील अकीकाचे मणी अरबस्तान व आफ्रिकेपर्यंत जात. पुढे मही आणि साबरमती या नद्यांच्या गाळाने आखाताचे तोंड भरत गेले, जहाजे सुरतेकडे वळली आणि बंदर ओस पडले. भरतीचे पाणी आजही या आखातात उंच चढते, पण माल आणणारी मोठी गलबते त्याबरोबर येत नाहीत. बंदर गेले, राहिले ते अकीकाचे कारागीर, आणि शांतिनाथ भंडारातील ताडपत्रांच्या पोथ्या. ज्या बंदरावर पिढ्यान्‌पिढ्या विसंबल्या तेच नाहीसे झाले तर नगराचे काय होते, हे पाहावयाचे असेल तर खंभातेस जावे. तेलाची गोष्ट ऐकण्यापूर्वी वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आमची विनंती आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताचे तेल म्हणजे आसामातील दिग्बोईचे तेल, एवढाच हिशेब होता. आसामबाहेर भरघोस तेल सापडेल यावर परदेशी कंपन्यांचा विश्वास नव्हता. श्री. केशवदेव मालवीय यांनी मात्र हा विषय नेटाने लावून धरला. रशियन भूशास्त्रज्ञांचे साहाय्य घेण्यात आले आणि सन १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. सप्टेंबर १९५८ मध्ये खंभातजवळील लुणेज या खेड्यात खोदलेल्या विहिरीत तेल लागले. सारा देश हर्षभरित झाला. गाळाने बुडालेले खंभात तेलाने वर येणार, असे लोक म्हणू लागले.

परंतु भूमीच्या पोटातील गोष्ट लोकांच्या म्हणण्याप्रमाणे घडत नाही. पुढील विहिरींवरून दिसून आले की या क्षेत्रात तेलापेक्षा वायूच अधिक आहे. दोन वर्षांच्या आत, मे १९६० मध्ये, नर्मदेपलीकडे अंकलेश्वरास मोठा साठा लागला. तेथील पहिल्या विहिरीस पं. नेहरूंनी ‘वसुधारा’ असे नाव दिले. मग कलोल, नवागाम अशी क्षेत्रे निघाली. आमच्या वडोदऱ्याजवळ कोयली येथे सन १९६३ मध्ये नेहरूंच्याच हस्ते शुद्धीकरण कारखान्याची कोनशिला बसली व १९६५ मध्ये तो चालू झाला. सन १९७४ मध्ये मुंबईजवळ भर समुद्रात तेल सापडले, आणि देशाचे लक्ष तिकडे गेले. अशा रीतीने ज्या गावाने दार उघडले त्याच्या दारावरून वरात पुढे निघून गेली. खंभातचा वायू धुवारणच्या वीजकेंद्राच्या कामी आला हे खरे. पण खंभातेस स्वप्न पडले होते ते अंकलेश्वराचे.

आता प्रत्यक्ष विहिरीविषयी. परवानगी काढून आम्ही माळावरील एका चालू कामावर गेलो. फाटकावर काड्यापेटी, विडी व भ्रमणध्वनी ठेवून घेतात आणि डोक्यावर कठीण टोपी देतात. आमची अशी समजूत होती की जमिनीखाली तेलाचे तळे असते व त्यात नळी सोडावयाची असते. तेथील तरुण अभियंत्यांनी ती दूर केली. तेल तळ्यात नसून वालुकाश्माच्या सूक्ष्म छिद्रांत असते, जसे तिळात तेल असते. वर अभेद्य मातीच्या खडकाचे झाकण असते, म्हणून ते तेथेच कोंडून राहते. त्या थरापर्यंत पोहोचण्यास हजारो फूट खोदावे लागते. पोलादी नळ्या एकीला एक जोडून त्यांच्या टोकाचे दातेरी पाते फिरवितात, आणि विशेष प्रकारचा चिखल दाबाने आत सोडतात. तो चिखल पाते थंड ठेवतो, खडकाचा भुगा वर आणतो आणि आपल्या वजनाने खालचा वायू दाबून धरतो. मग विहिरीस पोलादी अस्तर घालून त्यामागे सिमेंट भरतात, म्हणजे शेतकऱ्याच्या विहिरीचे गोडे पाणी नासत नाही.

“आणि तेल आहे हे आधी कसे कळते?” आमच्यातील एकाने विचारले.

अभियंता हसून म्हणाले, “काका, तुम्ही गोणी न सोडता आतला माल कसा पाहता?”

“पोकळ सळी खुपसून चार दाणे काढतो.”

“आम्हीही तेच करतो. फक्त आमची गोणी दीड-दोन किलोमीटर खोल आहे, आणि एका सळीस कोट्यवधी रुपये लागतात. कित्येकदा ती कोरडीच वर येते.”

या उत्तराने आम्हां सर्वांस धंद्याची जोखीम एका क्षणात कळली. जुन्या विहिरींवर डोके वरखाली करणारे पंप चालू असतात; दुरून पाहावे तर जणू बैल मोट ओढीत आहे. तेथून निघणारा द्रव गोळा करून तेल, वायू व खारे पाणी वेगळे करतात. विहीर म्हातारी होत जाते तसे तेल घटते आणि पाणी वाढते. शेवटी शेवटी तेलापेक्षा पाणीच अधिक येते, तरीही जोवर खर्च निघतो तोवर पंप चालवितात.

सायंकाळी आम्ही बाजारात एका वृद्ध किराणा व्यापाऱ्यांच्या दुकानी बसलो. तेलाच्या कामावरील कंत्राटदारांना त्यांनी पुष्कळ वर्षे धान्य पुरविले आहे. आमचा प्रश्न ऐकून ते म्हणाले, “शेठ, गिऱ्हाईक मोठे असते यात संशय नाही. शंभर माणसांच्या रसोड्याला तांदूळ-डाळ पुरवायची म्हणजे लहान गोष्ट नाही. पण विहीर झाली की यंत्र हलते, आणि यंत्र हलले की गिऱ्हाईक हलले. बिल मात्र इथेच राहते.” एका कंत्राटदाराकडे त्यांची चौदा महिन्यांची उधारी अडकली होती. ती अखेर वसूल झाली, पण व्याज गेले ते गेलेच. “मग हा धंदा सोडलात का?” असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “सोडला नाही. पण त्यांना माल देतो तो माझ्या नफ्यातून, मुद्दलातून नाही. माझे मुद्दल भालच्या गव्हात आहे.”

वाचकबंधूंनो, आमच्या प्रश्नाचे उत्तर या एका वाक्यात आहे असे आम्हांस वाटते. गहू हे भूमीचे व्याज आहे. पाऊस पडो, पाणी मुरो, दरवर्षी ते पुन्हा जमा होते. तेल हे भूमीचे मुद्दल आहे. लक्षावधी वर्षांत साठले, आणि एकदा काढले की आपल्या नातवंडांच्या हयातीत पुन्हा भरणार नाही. मुद्दल खर्च करू नये असे आम्ही म्हणत नाही. पेढी वाढवावयाची तर मुद्दल काढावेच लागते. परंतु त्यातून व्याज देणारे काही उभे केले पाहिजे. वडोदऱ्याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. कोयलीमागोमाग खत व रसायनांचे कारखाने आले, शाळा-महाविद्यालयांतून शिकलेली मुले तेथे कामास लागली, घरोघरी नळीने वायू आला. तेलावर आधारलेले, पण केवळ विहिरीवर न विसंबलेले असे काही येथे उभे राहिले. आजही देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक बाहेरून आणावे लागते. तेव्हा घरच्या थेंबाथेंबाचे मोल मोठे आहे, आणि ते काढणाऱ्या उन्हावाऱ्यातील कामगारांचे ऋणही मोठे आहे.

म्हणून आपल्या तरुणांस आमचे सांगणे असे आहे. तेलक्षेत्री अवश्य जावे, परंतु विहिरीचे आयुष्य विचारून जावे. दुकान घालावे ते ज्या गावास शेती, कारागिरी किंवा कारखान्याचा दुसरा आधार आहे अशा गावात. गोदाम भाड्याने घ्यावे, बांधू नये. कंत्राटदारास उधारी द्यावयाची तर तिची मर्यादा आधी खातेवहीत लिहावी, आणि ती ओलांडण्याचा मोह झाल्यास वडिलांस विचारावे. ज्या शेतकऱ्याची जमीन विहिरीसाठी घेतली गेली आहे त्याच्याशी व्यवहार सरळ ठेवावा. त्याला मिळणाऱ्या भरपाईवर डोळा ठेवून चैनीचा माल त्याच्या गळ्यात मारू नये. यंत्र हलल्यावरही तो तेथेच राहणार आहे, आणि गव्हाच्या हंगामात आपल्याला त्याच्याच दारी जावयाचे आहे.

परतताना आम्ही भालिया गव्हाच्या वीस गोण्यांचा सौदा केला. माल उत्तम निघाला. मंडळाच्या सभासदांपैकी कोणास नमुना पाहावयाचा असल्यास तो आमच्या पेढीवर ठेविला आहे. दळून रव्याचा लाडू करून पाहिल्यास आमच्या सांगण्याची सत्यता पटेल.