विडी सुटली आणि हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा

मागे तळोज्यात बचत गटाच्या बैठकीत आम्ही दातांविषयी बोलत होतो. तेव्हा एका ताईंनी विचारलं, "आमच्या ह्यांनी पंधरा दिवसांपूर्वी विडी सोडली. आता दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. विडी होती तेव्हा थेंब येत नव्हता. सासूबाई म्हणतात, सोडल्यामुळंच झालं, पुन्हा ओढायला लाग. काय करायचं?" हा प्रश्न बऱ्याच घरांत असणार, म्हणून आज त्यावरच बोलू या.

सासूबाईंनी जे पाहिलं ते खरं आहे. अर्थ मात्र उलटा लावला. धुरातलं निकोटीन हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं. त्यामुळं दातांच्या मुळाशी कीटण साचलं, आत सूज आली, तरी रक्त फारसं दिसत नाही. हिरडी वरून ठीक वाटते आणि आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. विडी सुटली की रक्तपुरवठा सुधारतो आणि दडलेला आजार वर येतो. पुन्हा विडी ओढली तर रक्त थांबेल, आजार थांबणार नाही. अशा वेळी दातांच्या डॉक्टरांना दाखवून दात साफ करून घ्यायचे. कामोठे आणि खारघरला दंत महाविद्यालयं आहेत, तिथंही दाखवता येतं.

आता कुणी म्हणेल, दात पडले तर पडले, कवळी बसवू. पण गोष्ट तोंडापाशी थांबत नाही. आपल्या दोन मूत्रपिंडांतून, म्हणजे किडन्यांतून, दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं. पंधरा लिटरचे बारा हंडे समजा! त्यातलं बहुतेक शरीर परत घेतं, लघवीवाटे एखाद-दोन लिटर बाहेर जातं. हे गाळण्याचं काम अगदी बारीक रक्तवाहिन्यांचे झुबके करतात. तंबाखूनं रक्तदाब वाढतो आणि या वाहिन्या खराब होतात. तंबाखूचं रोप जमिनीतला कॅडमियम नावाचा धातू शोषून घेतं. तो धुरातून शरीरात जातो आणि किडनीत वर्षानुवर्षं साठून राहतो.

हिरड्यांच्या जुन्या आजारात तोंडातले जंतू आणि सुजेची द्रव्यं रक्तात उतरतात. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळं साखर आटोक्यात राहत नाही. जास्त साखर किडनीलाच मारते. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली अमेरिकेतल्या जुन्या पाहणीच्या नोंदी तपासल्या. किडनीचा जुनाट आजार असलेल्यांपैकी दहा वर्षांत शंभरातले ३२ दगावतात, सोबत हिरड्यांचा आजार असेल तर ४१, असं त्यांना दिसलं. हिरड्यांमुळंच माणूस गेला, असं यावरून सिद्ध होत नाही. पण दोन्ही आजार हातात हात घालून चालतात, एवढं नक्की कळतं.

आणि आता आपल्याविषयी. विडी बाप्यांची म्हणून आपण सुटलो असं नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या सुमारे १७ बायका मशेरी, तंबाखू असं काही ना काही वापरताना आढळल्या. दाढ दुखली की मशेरी लावायची, थोडं बधिर झालं की बरं वाटतं. ते बरं होणं नव्हे, दुखणं झाकणं आहे. मशेरीतही निकोटीन असतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. तसंच दुखणं असह्य झालं की मेडिकलमधून गोळी आणून रोज घेणं. अशा कित्येक वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्या तर थेट किडनीलाच इजा करतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या चालू ठेवू नका.

किडनी बिघडते तेव्हा ती दुखत नाही. पायावर सूज, लघवीला फेस, थकवा हे दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून तपासणी करावी लागते. तिशी ओलांडलेल्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी होते. आशाताईंना विचारून दिवस ठरवा. साखर किंवा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगा.

घरात कुणी तंबाखू सोडत असेल, तर पहिले काही दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप लागत नाही. त्या दिवसांत टोमणे न मारता पाठीशी राहा. मदतीला १८००-११२-३५६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

त्या ताईंना आम्ही एवढंच सांगितलं: सासूबाईंना बाजूला बसवा आणि सांगा, रक्त आलं म्हणजे लपलेलं आता दिसलं. दिसलं म्हणून तर औषध करता येईल. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घरात कोण काय वापरतं ते मोकळेपणानं सांगू या. आमच्यापैकीही दोघी मशेरी लावतात. सुरुवात आमच्यापासूनच करू.