मोटारसायकलचे हातमोजे : निवड आणि सवय



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण शेतीशी त्याचा संबंध नाही असे कोणी म्हणू नये. आता गावोगावी शेतावर जायचे, वजनकाट्यावर जायचे, सोसायटीत जायचे तर मोटारसायकलच लागते. आणि गाडी काय, शेत काय, दोन्ही हातांवरच चालतात.

मागील गळीत हंगामातील गोष्ट. सकाळी लवकर प्लॉट पाहायला निघालो असता, ट्रॉलीतून रस्त्यावर पडलेल्या उसावरून आमच्या गाडीचे पुढचे चाक घसरले. वेग फार नव्हता. हेल्मेटमुळे डोके वाचले. पण पडताना माणूस आधी हात टेकतो, तसे आम्हीही टेकले आणि दोन्ही तळव्यांची साल निघाली. आठ दिवस घरच्यांनी घास भरवला, तीन आठवडे गाडी बंद. ऐन तोडणीच्या दिवसांत आमचे शेतकी मदतनीस धावपळ करीत राहिले आणि आम्ही घरी बसून. सांगायला लाज वाटते, पण हातमोजे आमच्याजवळ होते. गाडीच्या डिकीत होते! घट्ट होतात, बोटं आखडतात, म्हणून काढून ठेवलेले.

पुढे आम्ही बऱ्याच सभासदांना विचारून पाहिले. बहुतेकांचे म्हणणे तेच. "साहेब, हातमोजा घातला की हात लाकडाचा झाल्यागत होतोय, क्लचसुद्धा कळत नाही." तक्रार खरी आहे, पण दोष बहुधा मापाचा आणि आपल्या घाईचा असतो. हेल्मेटची सक्ती कायद्याने आहे, हातमोज्यांची नाही. म्हणून ते सुखाचे असतील तरच माणूस रोज घालणार.

माप : शिवणकामाची टेप घ्यावी. पंजा सरळ ठेवून, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळहाताभोवती ती गुंडाळावी. जितके इंच भरतील तो साधारण आपला नंबर. ८ इंच भरले तर ८ नंबर. मात्र एका कंपनीचा 'एम' दुसऱ्या कंपनीच्या 'एल'एवढा निघतो, त्यामुळे शिक्क्यावर न जाता हात घालून पाहावा. आपल्या कष्टाच्या हातांची बोटं जाड असतात, तळव्याला बरोबर बसलेला हातमोजा बोटांत अडकतो. कातडे वापराने रुंदीत थोडे सैल होते, लांबीत फारसे वाढत नाही. तेव्हा तळव्यावर किंचित घट्ट चालेल, पण बोटांचे शेंडे टोकाला टेकत असतील तर तो जोड परत करावा. थंडीत आतून लोकरीचा मोजा घालणार असाल तर तो घालूनच माप पाहावे. फार घट्ट हातमोज्यात रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात.

प्रकार : शेळीचे कातडे पातळ, मऊ आणि तरी चिवट असते, हाताला लवकर वळते. गाईचे किंवा म्हशीचे जाड कातडे टिकाऊ, पण वळायला वेळ घेते. रेक्झिनसारखे नकली कातडे हाताच्या आकाराला वळत नाही, ते पहिल्या दिवशीच बरोबर बसले पाहिजे. तळव्यावर दुहेरी थर आणि मनगटावर पट्टा असावाच. आतल्या चिठ्ठीवर 'ईएन १३५९४' असे छापलेले असेल तर तो मोटारसायकलसाठी ठरवलेल्या युरोपीय मानकाचा जोड समजावा.

परीक्षा : दुकानाबाहेर आपलीच गाडी उभी असते. तिच्यावर बसून मूठ धरावी. तळव्यात चुण्या गोळा होतात का, आतली शिवण बोटाला टोचते का, ब्रेक-क्लच सहज ओढता येतो का, हॉर्नचे बटण अंगठ्याला समजते का, हे पाहावे. मग पट्टा आवळून सोबत्याला बोटांकडून हातमोजा ओढायला सांगावे. सहज निसटून आला, तर पडल्यावरही निसटणार.

सवय : नवी वहाण चावते, म्हणून आपण ती फेकून देत नाही. घरातून अंगणात, अंगणातून वेशीपर्यंत अशी चालून तिला पायाशी जुळवतो. कातडी हातमोज्याचेही तसेच. पहिले काही दिवस घरीच घालून मुठी आवळाव्यात, सोडाव्यात. मग जवळच्या फेऱ्या माराव्यात. आठ-पंधरा दिवसांत कातडे बोटांच्या वळणाला वळते. लांबच्या प्रवासाला कोरा जोड कधी घालू नये. कोणी गरम पाण्यात भिजवायला सांगतात, ते करू नये. रंग सुटतो, आतले अस्तर निघते. इतके करूनही बोटांना मुंग्या येत असतील तर माप चुकले आहे, सवयीची वाट पाहू नये.

निगा : घामाने आणि पावसाने भिजलेले हातमोजे सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. चुलीजवळ किंवा गाडीच्या तापल्या इंजिनवर ठेवले तर ओले कातडे आकसते आणि पापडासारखे कडक होते. वाळल्यावर कातड्याचे मलम अगदी थोडे चोळावे. फार लावले तर मूठ निसटते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. हे हातमोजे घालून फवारणी करू नये, औषधाच्या बाटलीलाही हात लावू नये. कातडे औषध शोषून घेते, ते धुऊन जात नाही आणि पुढे रोज आपल्या हाताला लागत राहते. फवारणीचे रबरी हातमोजे वेगळे ठेवावेत.

येत्या हंगामात रस्त्यावर ट्रॉल्या असतील, बैलगाड्या असतील, आणि पडलेला ऊसही असेल. ज्यांचे हातमोजे डिकीत किंवा खुंटीवर आहेत त्यांनी ते आजच काढून हातात घालून पाहावेत. बसत असतील तर वापरावेत, नसतील तर मुलाला किंवा पुतण्याला बसतात का पाहावे आणि स्वतःसाठी मापाचे घ्यावेत. आमचे जुने हातमोजे आम्ही धाकट्या भावाला दिले. त्यांना ते नेमके बसले!

कळावे.

— ऊस विकास अधिकारी