थांबायचं कधी, हे कळणारा चार्जर

मोबाइलची बॅटरी चार्ज करणं हे तंत्राच्या दृष्टीने सोपं काम आहे. अवघड आहे ते टीव्हीच्या रिमोटमधला किंवा बीपी मोजायच्या यंत्रातला पेन्सिल सेल चार्ज करणं. ऐकायला हे उलटं वाटेल, पण त्याला कारण आहे. मोबाइलमधली लिथियम-आयन बॅटरी भरत जाते तसं तिचं व्होल्टेज चढत जातं. ते ४.२ व्होल्टच्या आसपास पोचलं की चार्जर तिथेच धरून ठेवतो, प्रवाह आपसूक कमी होत जातो आणि काम संपतं. निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या पेन्सिल सेलमध्ये ही सोय नाही. तो पाव भरलेला असो की पाऊण, व्होल्टेज जवळजवळ तेवढंच. आपण भरलो, हे तो सरळ सांगत नाही. ते चार्जरला ओळखावं लागतं. साध्या आणि स्मार्ट चार्जरमधला खरा फरक एवढाच. स्क्रीन, दिवे, बटणं वगैरे सगळं त्यानंतरचं.

दुकानात चौकशी मात्र सेलचीच होते. २००० एमएएचचा घ्यावा की २८००चा? चार्जर सोबत मिळेल तो, बऱ्याचदा सेलच्या पाकिटात 'फ्री'. माझ्या मते क्रम उलटा हवा. चांगला सेल वाईट चार्जरमध्ये वर्ष-दोन वर्षांत मान टाकतो. मध्यम प्रतीचा सेल चांगल्या चार्जरमध्ये कितीतरी वर्षं निघतो.

सेलच्या पोटात काय चालतं ते पाहिलं की हे पटेल. धन टोकाकडे निकेल हायड्रॉक्साइड, ऋण टोकाकडे एक मिश्रधातू आणि दोघांच्या मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. चार्जिंग होताना हायड्रोजन त्या मिश्रधातूत शिरून बसतो. नावातलं 'हायड्राइड' ते हेच. धातू हायड्रोजन पिऊ शकतो हे जुनंच ज्ञान होतं, पण नेहमीच्या तापमानाला, सहज आणि परत देण्याच्या बोलीवर पिणारा लँथेनम-निकेलचा मिश्रधातू सापडला तो १९६०च्या दशकाच्या अखेरीस, नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत. तिथले संशोधक मुळात चुंबकांच्या मागे होते; हायड्रोजन आडवाटेने आला. या मिश्रधातूत हायड्रोजन इतका दाटीवाटीने बसतो, की द्रवरूप हायड्रोजनमध्येही तो तेवढा दाट नसतो. त्यापासून बाजारात विकता येईल असा सेल तयार व्हायला मात्र १९९०च्या आसपासचा काळ उजाडावा लागला.

आता धन बाजूचं सगळं निकेल हायड्रॉक्साइड रूपांतरित होऊन झालं, म्हणजे सेल भरला, तरी चार्जर वीज ढकलतोच आहे असं समजा. त्या विजेला करायला काम उरत नाही. मग ती द्रावणातल्या पाण्यावर घसरते आणि धन बाजूला ऑक्सिजन सुटू लागतो. सेल तर चहूबाजूंनी बंद. म्हणून बनवणाऱ्यांनी ऋण बाजू मुद्दाम मोठी ठेवलेली असते. ऑक्सिजन तिकडे जातो आणि त्याचं पुन्हा पाणी होतं. युक्ती चांगली आहे, पण तिची किंमत उष्णतेत मोजावी लागते. भरताना थोडीफार उष्णता निघतच होती, आता आत येणारी जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. सेल तापतो. हे रोज रात्रभर घडू लागलं, की आतला दाब वाढून सुरक्षाझडप उघडते, द्रावण थोडं थोडं उडून जातं, अंतर्गत रोध वाढतो आणि एक दिवस पूर्ण चार्ज केलेला सेल कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये दोन चमका मारून गप्प होतो.

पण याच तापण्यात एक खूण दडलेली आहे. सेल गरम झाला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं. म्हणजे चार्जिंगभर हळूहळू चढत १.४५ व्होल्टच्या आगेमागे गेलेलं व्होल्टेज सेल भरल्याबरोबर माथा गाठतं आणि जरासं उतरतं. हा उतार किती? एका सेलमागे पाचेक मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा भाग. तांब्याची कळशी नळाखाली लावून बायका आत डोकावून पाहत नाहीत. पाण्याचा आवाज बदलला की नळ बंद करतात. स्मार्ट चार्जर नेमकं तेच करतो. खोक्यावर 'मायनस डेल्टा व्ही' असं लिहिलेलं असतं ते या उताराचं नाव. शिवाय बऱ्याच चार्जरमध्ये तापमानावर नजर ठेवायची सोय असते आणि दोन्ही खुणा चुकल्याच तर ठरावीक वेळेनंतर बंद पडायचं घड्याळही असतं. तिन्ही असतील तर उत्तम.

इथे एक गंमत आहे, आणि ती सावध लोकांना खटकते. 'हळू चार्ज केलेलं बरं' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण प्रवाह फार कमी असेल तर भरलेला सेल फारसा तापतच नाही, उतार दिसेनासा होतो आणि स्मार्ट चार्जर फसतो. तो भरवतच राहतो. म्हणून २००० एमएएचच्या सेलला साधारण ५०० ते १००० मिलिअँपिअरचा प्रवाह योग्य. लहान पेन्सिल सेल, म्हणजे रिमोटमध्ये असतो तो बारका, साधारण ७५०-८०० एमएएचचा असतो. त्याला ३०० ते ४०० पुरे. प्रवाह निवडायची सोय असलेला चार्जर मिळाला तर याच आकड्यांसाठी वापरायचा. सेलच्या अंगावर '२०० मिलिअँपिअर, १६ तास' असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ वेगळा: रिकामा सेल, मंद प्रवाह आणि हातात घड्याळ. ती जुनी पद्धत आहे, चुकीची नाही, पण सोळा तासांनी कोणीतरी उठून सेल काढला पाहिजे.

घड्याळाचं काम चार्जरवर सोपवलं तर? टायमरचे चार्जर मिळतात. सेल रिकामाच आहे असं ते गृहीत धरतात. अर्धा भरलेला ठेवला तरी पूर्ण वेळ भरवतात. आणि आपल्याकडे त्यांना आणखी एक दुखणं जडतं. वीज गेली आणि आली, की टायमर शून्यापासून सुरू. भारनियमनाच्या गावात दिवसातून दोन-तीनदा वीज गेली तर सेलला किती तासांचं चार्जिंग झालं, याचा हिशोब कोणालाच लागणार नाही. सर्वात स्वस्त चार्जरांत तर टायमरही नसतो. एक लाल दिवा असतो, तो प्लग लावला की लागतो आणि प्लग काढला की विझतो. सेलशी त्याचा काही संबंध नाही.

चार्जर चांगला की कसा, हे दुकानातच ओळखायची माझी आवडती परीक्षा म्हणजे एकच सेल लावून पाहणं. तो चार्ज होऊ लागला तर प्रत्येक खाचेचा कारभार स्वतंत्र आहे. दोन सेल घातल्याशिवाय चार्जर सुरूच होत नसेल, किंवा चार खाचांना दोनच दिवे असतील, तर तो सेल जोडीने भरवतो. जोडीतला एक लवकर भरला तरी दुसऱ्यासाठी त्याला ताटकळत तापत बसावं लागतं. डोक्याला बांधायच्या टॉर्चमध्ये आणि मुलांच्या अनेक खेळण्यांत तीन सेल असतात; जोडीच्या चार्जरला तीन सेल देणार कसे? स्वतंत्र खाचा या एका गोष्टीसाठी मी जास्तीचे पैसे बिनतक्रार मोजेन. स्क्रीनसाठी मोजेनच असं नाही.

स्क्रीनवाल्या, 'अ‍ॅनालायझर' म्हणवणाऱ्या चार्जरचा एक उपयोग मात्र खरा आहे. तो सेल पूर्ण भरतो, मग मोजूनमापून रिकामा करतो आणि किती एमएएच निघाले ते सांगतो. बाजारातल्या थापा इथे उघड्या पडतात. मोठ्या पेन्सिल सेलमध्ये या रसायनाने प्रत्यक्षात २५०० ते २७०० एमएएचपर्यंत मजल जाते. ३५०० किंवा ४००० छापलेलं असेल तर ते छपाईचं कौशल्य. चार्जर नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटाही चालेल. अस्सल सेल २६ ते ३० ग्रॅम भरतो, पोकळ आश्वासनांचा हलका लागतो.

आकडा खरा असला तरी मोठा आकडा म्हणजे चांगला सेल असं नाही. २००५च्या नोव्हेंबरमध्ये सान्योने जपानमध्ये 'एनलूप' आणला, तोवरचे सेल नुसते ड्रॉवरमध्ये पडून महिन्याला पाचवा हिस्सा तरी वीज गमवायचे. ऐनवेळी टॉर्च काढावा तर सेल उतरलेले. एनलूपच्या जातीचे सेल वर्षभरानंतरही बहुतांश भरलेले राहतात. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली आणि आता अनेक कंपन्या असे सेल विकतात. त्याच एनलूपचा २५०० एमएएचचा प्रकार साध्या २०००च्या प्रकारापेक्षा खूपच कमी वेळा चार्ज होऊ शकतो, हे कंपनीनेच छापलेलं आहे. त्याच आकारात जास्त माल कोंबला की टिकाऊपणातून कापला जातो. लग्नाच्या हॉलमध्ये दिवसभर फ्लॅश उडवणाऱ्या फोटोग्राफरला तो सौदा परवडेल. घरात २०००चाच घ्यावा.

काठोकाठ न भरण्याचा फायदा किती, याचं मोठं उदाहरण रस्त्यावर धावून गेलं आहे. १९९७ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या टोयोटा प्रियसमध्ये मोठ्या टॉर्चच्या सेलच्या आकाराचे निकेल-मेटल हायड्राइड सेल ओळीने बसवले होते. गाडीचा संगणक त्यांना पूर्ण भरूही देत नसे आणि रिकामंही होऊ देत नसे. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात खेळवत ठेवायचा. प्रियसच्या बॅटऱ्या वर्षानुवर्षं चालल्या त्यात या शिस्तीचा मोठा वाटा आहे. घरी एवढं करायची गरज नाही, पण 'पूर्ण रिकामा झाल्याशिवाय चार्ज करू नये' हा सल्ला मात्र विसरावा. तो निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे. उलट, अनेक सेल एका ओळीत असलेल्या टॉर्चला शेवटचा थेंब निघेपर्यंत जाळलं, तर त्यातला सर्वात दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात. तो सेल पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. प्रकाश मंदावला की सेल काढावेत.

खर्चाचं म्हणाल तर चार्जिंगची वीज हिशोबात धरण्याजोगीही नाही. २००० एमएएचच्या सेलमध्ये २.४ वॅट-तास मावतात. वाया जाणारी धरून पाच-सहा समजू. एका युनिटमध्ये दीडशेहून जास्त सेल भरतील. युनिटला दहा रुपये पडत असतील तर एका सेलमागे पाच-सहा पैसे. पैसे वसूल व्हायचे ते मात्र सेल वारंवार वापरला तरच. भिंतीवरच्या घड्याळाला वर्षाला एक साधा सेल पुरतो, तिथे रिचार्जेबल घालण्यात अर्थ नाही. गॅस गिझरच्या दोन मोठ्या सेलचंही तेच. तिथे ३ व्होल्टची अपेक्षा असते आणि रिचार्जेबल १.२ प्रमाणे २.४च देतात. बीपीचं यंत्र, वायरलेस माउस, टॉर्च, खेळणी, फ्लॅश या खऱ्या जागा. बीपीच्या यंत्रात बॅटरीचं चिन्ह लवकर 'कमी' दाखवील. ते साध्या अल्कलाइनच्या १.५ व्होल्टला धरून आखलेलं असतं. घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं ते भलत्याच सेलला. यूएसबी-सीचं भोक असलेले १.५ व्होल्टचे लिथियम सेल आता दिसू लागले आहेत. त्यांच्या आत लिथियम-आयन सेल आणि व्होल्टेज उतरवणारं सर्किट असतं; ते त्यांच्या केबलने किंवा त्यांच्याच चार्जरने भरायचे, निकेलच्या चार्जरमध्ये घालायचे नाहीत. याच मापाचा ३.७ व्होल्टचा उघडा लिथियम-आयन सेलही मिळतो. तो रिमोटमध्ये बसेल, आणि रिमोट जाईल. चुकीच्या चार्जरमध्ये तो पेटूही शकतो. साधे, चार्ज न होणारे सेल चार्जरमध्ये घालू नयेत हे सांगायला नको, पण घरात मुलं असतील तर सांगून ठेवावं.

विदर्भातल्या मे महिन्यात चार्जिंग रात्री उशिरा करावं. सेल आधीच ४०-४५ अंशांवर असेल तर तो वीज नीट घेत नाही, आणि तापमान पाहणारा चार्जर अर्ध्यावरच थांबतो. काम संपत आलं की सेल कोमट लागणं साहजिक आहे. हातात धरवत नसेल तर चार्जरमध्ये किंवा सेलमध्ये खोट आहे. आणि चांगला चार्जर एखादा जुना सेल घ्यायला नकार देऊ लागला, तर लोक चार्जरच बिघडला म्हणून परत करायला निघतात. बहुतेक वेळा तो सेलचा वाढलेला रोध पाहून नकार देत असतो. असा सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार हे लहान सेलही परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सेलवर काट मारलेल्या डब्याचं चित्र असतं ते त्यासाठीच. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात तो द्यावा आणि त्याच्या जोडीच्या सेलवर मार्करने तारीख टाकून त्याला नवा जोडीदार न देता एकट्याच्या कामाला, एका सेलवर चालणाऱ्या माउसमध्ये वगैरे, लावावं. जुन्या-नव्याची जोडी लावली की नवाही लवकर जुना होतो.