सुईमागची काडी

डोंगरकडा गावच्या केळीबागांत घडाला बांबूचा टेकू देतात. पोकळ, हलका, तरी ताठ. रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमध्ये सुई जिच्या टोकाला बसवतात, ती काडीही (कॅन्टिलिव्हर) अशीच लागते. लांबी काही मिलिमीटर. पण सेकंदाला वीस हजारांपर्यंतची कंपनं तिने मागे पोचवायची. काडी जराशी लवली की वरचे सूर बिघडलेच.

अ‍ॅल्युमिनियम स्वस्त, म्हणून सर्रास. बेरिलियम त्याहून हलकं आणि चौपट ताठ. शुअर कंपनीच्या व्ही-१५ टाइप फाइव्ह कार्ट्रिजमध्ये त्याचीच पातळ नळी होती. जपानी कंपन्यांनी बोरॉन, नीलम, माणिक वापरून पाहिले. डायनाव्हेक्टरने तर अख्ख्या हिऱ्याची काडी केली, जेमतेम १.७ मिलिमीटरची! हिऱ्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे १८ किलोमीटर धावतो, अ‍ॅल्युमिनियममधून साधारण सहा. अर्थात सुईच झिजलेली असेल तर हिऱ्याच्या काडीची मिजास फुकट.

बेरिलियमची धूळ मात्र फुप्फुसांना घातक. नवी मुंबईत वाशीला भाभा अणुसंशोधन केंद्र हा धातू घडवतं, तेही कडक बंदोबस्तात. तेव्हा जुन्या बाजारात बेरिलियमच्या तुटक्या काडीचं कार्ट्रिज मिळालं, तर ती घरी कानशीने घासत बसू नका.