विश्लेषण : गिरगावातून डोंगरातल्या सायकल शर्यतीत उतरायचे तर…

ठाकूरद्वार, फणसवाडीच्या गल्ल्यांतून पहाटे निघायचे, मरीन ड्राइव्हला फेरी मारायची आणि ऑफिसच्या वेळेआधी घरी परतायचे, हा अनेक गिरगावकर सायकलस्वारांचा नेम. त्यांच्यापैकी कुणाला कच्च्या डोंगरवाटेवरच्या म्हणजे माउंटन बाइकच्या शर्यतीत उतरावेसे वाटले तर? पायांची तयारी बहुधा झालेली असते. खरी परीक्षा असते ती उतारावर.

ही शर्यत कशी असते?

‘क्रॉस कंट्री’ हा तिचा सर्वात प्रचलित प्रकार. 1996च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून तो ऑलिम्पिकमध्ये आहे. साधारण 4 ते 6 किलोमीटरच्या वळशाच्या अनेक फेऱ्या मारायच्या असतात. वरच्या स्तरावर ही शर्यत सुमारे दीड तास चालते. सगळे एकदमच सुटतात, पण थोड्याच वेळात वाट एका सायकलपुरती अरुंद होते. म्हणून सुरुवातीला पुढे घुसण्यासाठी झुंबड उडते. क्रमवारीतल्यांना पुढची रांग मिळते, नवखे मागे. वाटेत समोरचा पाय टेकून उभा राहिला, तर मागच्यांनाही थांबावे लागते.

आंतरराष्ट्रीय शर्यतींत आणखी एक कडक नियम असतो. आघाडीच्या स्पर्धकाला पहिल्या फेरीला लागलेल्या वेळेच्या 80 टक्क्यांहून अधिक कुणी मागे पडला, तर त्याला शर्यतीतून बाहेर काढतात. पंक्चर झाले तर मदत फक्त ठरावीक जागीच मिळते. तिथवर कसेबसे पोहोचायचे किंवा स्वतःच दुरुस्त करायचे. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, 2024 साली, ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचे चाक असेच बसले. चाक बदलण्यात जवळपास 40 सेकंद गेले. तरीही शेवटच्या फेरीत त्याने फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकून सुवर्ण जिंकले.

रस्त्यावरच्या सायकलिंगचा किती उपयोग?

मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि तिच्यातला ‘घाटाचा राजा’ हा किताब मराठी वाचकाला ठाऊक आहे. तिथे पुढच्याच्या मागे लपून वारा चुकवता येतो, ताकद वाचते. डोंगरवाटेवर वेग कमी असल्याने हा आडोसा फारसा कामाचा नाही. दमसास मात्र दोन्हीकडे लागतो आणि तो मरीन ड्राइव्हवर कमावता येतो.

उताराचे तसे नाही. या खेळाचा जन्मच उतारावरचा आहे. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातली काही मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटत. मागच्या ब्रेकमधले ग्रीस इतके जळे की ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले.

उतारावर सीटवरून उठायचे, शरीर मागे आणि खाली न्यायचे, कोपर सैल ठेवायचे. ब्रेक एका बोटाने, हळूहळू. नजर चाकाखालच्या दगडावर नव्हे, तर पुढच्या वळणावर. जिथे नजर जाते तिथेच सायकल जाते. आपल्याकडच्या सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक करकचून दाबला, की चाक निसटलेच. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते आणि गवताखाली दगड लपतात, तेव्हा तर अधिकच.

टायरमधल्या हवेचा हिशेबही वेगळा. रस्त्यासाठी 70-80 पीएसआय भरणाऱ्याला इथले 20-25 पीएसआय म्हणजे पंक्चरच वाटेल. पण मऊ, रुंद टायरच दगडाला धरून राहते. दुकानात ‘एमटीबी’ म्हणून मिळणारी प्रत्येक स्प्रिंगवाली सायकल मात्र डोंगरासाठी नसते. घेण्याआधी स्पष्ट विचारलेले बरे.

सरावाला डोंगर कुठून आणायचा?

चढासाठी मलबार हिल आहेच. तीन बत्तीपासून बाळ गंगाधर खेर मार्गाने वर जाण्याचा चढ छोटा आहे, पण आठ-दहा वेळा केला की पाय भरून येतात. मातीसाठी मात्र शहराबाहेर पडावे लागते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मनाला येईल त्या पायवाटेवर सायकल घालता येत नाही. कर्जत, नेरळ किंवा कसाऱ्याच्या बाजूला बैलगाडीच्या वाटा आहेत. मात्र वनजमीन असेल तर परवानगी घ्यायची आणि शेताचा बांध मोडायचा नाही.

उंच डोंगर हवाच, असेही नाही. पिडकॉकने सुवर्ण जिंकले ती एलांकूरची टेकडी जुन्या दगडखाणीच्या जागी राडारोडा टाकून उभी राहिली आहे. उंची 231 मीटर. सह्याद्री त्याहून कितीतरी उंच आणि लोकलने गाठता येण्याजोगा. संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय पातळीवर याच खेळात सुवर्णपदके मिळवली आहेत.

पहिल्या शर्यतीत काय सांभाळायचे?

मार्ग आधी पायी पाहून घ्यायचा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हॅन डर पूल एका उंच दगडावरून उतरताना पहिल्याच फेरीत जोरात आपटला. सरावाच्या वेळी तिथे लाकडी उतरण होती, शर्यतीच्या दिवशी ती काढलेली होती. जगातल्या अव्वल सायकलस्वाराची ही गत. त्यामुळे नवख्याने सकाळी पुन्हा एकदा पाहावे.

हेल्मेट, बोटे झाकणारे हातमोजे, सुटी ट्यूब आणि पंप जवळच हवेत. एखादा उतार जमणार नाही असे वाटले, तर खाली उतरून सायकल खांद्यावर घेऊन धावायला नियमाची आडकाठी नाही. चाळीच्या लाकडी जिन्यावरून रोज सायकल वर चढवणाऱ्याला एवढा सराव तरी आधीच असतो.