मधले रिकामे क्रमांक: सॉफ्टवेअरच्या नियमपानांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याची ओळख प्रेस शॉप, फाउंड्री आणि असेंब्ली लाइन यांवरून होत असली, तरी येथून बाहेर पडणाऱ्या दुचाकीत वा मोटारीत इंजिन, ब्रेक आणि बॅटरी यांचे नियंत्रण आता बऱ्याच अंशी सॉफ्टवेअर करते. आणि त्या सॉफ्टवेअरने काय केलेच पाहिजे हे सांगणारे प्रत्येक बंधनकारक विधान, ज्याला उद्योगात रिक्वायरमेंट म्हणतात, स्वतंत्र क्रमांक देऊन नोंदवावे लागते. सॉफ्टवेअर कसे बनवावे व तपासावे याचे नियमही असेच क्रमांकित असतात. ते विकीवर, म्हणजे अनेकांना संपादित करता येणाऱ्या पानांच्या संग्रहात, एका क्रमांकाला एक पान या पद्धतीने कसे ठेवावेत, याचा सर्वांना पाहता येणारा नमुना म्हणजे 'नासा'ची सॉफ्टवेअर अभियांत्रिकी हस्तपुस्तिका. 'एनपीआर 7150.2' या नियमावलीतील प्रत्येक 'एसडब्ल्यूई' क्रमांकाला तेथे पान आहे, आणि त्या पानावर मूळ नियम, त्यामागील कारण, मार्गदर्शन, लहान प्रकल्पांसाठीच्या सूचना आणि पूर्वानुभवातून मिळालेले धडे वेगवेगळ्या भागांत मांडलेले असतात.

अशा संग्रहाविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज असा, की क्रमांक ओळीने असले पाहिजेत आणि मध्ये आकडे गळालेले दिसले तर ते गबाळेपणाचे लक्षण होय. वस्तुस्थिती उलट आहे. 'नासा'च्या नियमावलीच्या 2022 सालच्या 'डी' आवृत्तीत सुरक्षितता-संवेदनशील सॉफ्टवेअरविषयीच्या एकाच उपविभागात 205, 023, 134, 219 आणि 220 हे क्रमांक याच क्रमाने येतात. कारण नियमाची जागा बदलली तरी त्याचा क्रमांक बदलत नाही, आणि नव्या नियमाला पुढचा न वापरलेला क्रमांक मिळतो. वाहन उद्योगात पुरवठादारांच्या विकासप्रक्रिया तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'ऑटोमोटिव्ह स्पाइस' या प्रतिमानाच्या 4.0 आवृत्तीतही हेच दिसते: सहायक प्रक्रियांपैकी 2, 4 आणि 7 या क्रमांकांच्या प्रक्रिया वगळल्या गेल्या, तरी उरलेल्या प्रक्रिया 1, 8, 9, 10 अशाच राहिल्या आणि नव्या प्रक्रियेला 11 हा क्रमांक मिळाला.

याचे कारण असे, की क्रमांक केवळ पानाच्या माथ्यावर राहत नाही. तो चाचणी-अहवालात, प्रोग्राममधील टिपांत, पुरवठादाराशी झालेल्या करारात आणि दोषनोंदीतही उतरलेला असतो, आणि विकीवर तो बदलल्याने या कागदांतला आकडा बदलत नाही. चाकण परिसरात जमिनीचा व्यवहार पाहिलेल्यांना ही अडचण परिचित असावी, कारण 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखालील योजना जेथे लागू झाल्या तेथे सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले आणि जुना दस्त शोधायचा तर दोन्हींची जुळणी सांगणारा उतारा आधी हुडकावा लागतो. जमिनीच्या बाबतीत निदान सरकारी दप्तरात तशी जुळणी ठेवलेली असते; घाईने फेरक्रमांकन केलेल्या विकीत ती क्वचितच कोणी करून ठेवतो.

याच गैरसमजाचा पुढचा टप्पा म्हणजे नियम रद्द झाला की त्याचे पान पुसून टाकणे. 'नासा'च्या नियमावलीत उच्चस्तरीय रिक्वायरमेंट, रचना, प्रोग्राम आणि चाचणी यांचे परस्परसंबंध राखण्याविषयी पूर्वी 052, 059, 064 आणि 072 असे वेगवेगळे नियम होते, जे नंतर 052 मध्ये एकत्र करण्यात आले. मात्र जुन्या प्रकल्पाच्या कागदात 064 हा आकडा भेटलेल्या अभियंत्याला त्याचा अर्थ लावता आलाच पाहिजे. म्हणून निवृत्त क्रमांकाचे पान ठेवावे, त्यावर नियम कोणत्या आवृत्तीत रद्द झाला आणि त्याची जागा कशाने घेतली हे लिहावे, आणि तो क्रमांक दुसऱ्या नियमाला कधीही देऊ नये.

क्रमांक तोच म्हणजे मजकूरही तोच, ही समजूत मात्र अधिक महागात पडू शकते. पुण्यातील 'एआरएआय' ही संस्था प्रसिद्ध करत असलेल्या वाहन उद्योग मानकांपैकी 'एआयएस-156' हे विद्युत दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरीसंबंधीचे मानक घेतले, तर 2022 मध्ये त्याला तिसरी दुरुस्ती जोडली गेली आणि तिच्या तरतुदी दोन टप्प्यांत, 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 पासून, लागू झाल्या. त्यामुळे बॅटरी व्यवस्थापन प्रणालीच्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेल्या पानावर 'एआयएस-156 नुसार' एवढाच उल्लेख असेल तर तो अपुरा ठरतो. दुरुस्तीचा क्रमांक, टप्पा आणि कलम यांची नोंद असल्याशिवाय कोणती अट अभिप्रेत आहे हे कळत नाही.

विकी प्रत्येक बदलाचा इतिहास आपोआप ठेवते, तेव्हा आवृत्ती-नियंत्रणाची वेगळी गरज नाही, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. विकी एका पानाचा इतिहास ठेवते. विशिष्ट दिवशी मंजूर झालेला सर्व पानांचा एकत्रित संच, ज्याला बेसलाइन म्हणतात, तो मुद्दाम गोठवून त्याला नाव द्यावे लागते. शिवाय बंधनकारक वाक्य आणि त्याखालचे मार्गदर्शन यांना संपादनाचे सारखेच अधिकार ठेवणे सोयीचे असले तरी धोक्याचे आहे: मार्गदर्शन कोणीही जाणकाराने सुधारावे, परंतु मूळ वाक्यातला एक शब्दही मंजुरीविना हलू नये.

शेवटचा गैरसमज दुव्यांविषयीचा आहे. प्रत्येक रिक्वायरमेंटला चाचणीचा दुवा जोडला की मागोवा, म्हणजे ट्रेसेबिलिटी, पूर्ण झाला असे मानले जाते आणि तपासणीपूर्वीच्या आठवड्यात दुवे भराभर जोडले जातात. 'ऑटोमोटिव्ह स्पाइस'मध्येच स्पष्ट केले आहे, की दुवा असणे म्हणजे दोन्हीकडील मजकूर सुसंगत असणे नव्हे. समजा, बॅटरीचे तापमान 60 अंशांवर गेल्यास चार्जिंग थांबवावे असे पान होते, ते नंतर 55 अंश केले गेले, आणि चाचणी मात्र 60 अंशांवरच राहिली. तर दुवा शाबूत राहील, चाचणीही उत्तीर्ण होईल, आणि 55 ते 60 अंशांमध्ये प्रणाली काय करते हे कोणीच तपासलेले नसेल. मूळ पान बदलताच त्याला जोडलेल्या प्रत्येक दुव्यावर 'पुनर्तपासणी बाकी' अशी खूण आपोआप उमटवण्याची सोय रिक्वायरमेंट-व्यवस्थापनासाठीच बनवलेल्या डोअर्ससारख्या साधनांत असते, तर साध्या विकीत ती सहसा नसते; तेथे पान बदलणाऱ्यानेच जोडलेल्या चाचण्यांच्या धारकांना कळवायचे आणि त्यांनी तपासल्याची तारीख पानावर घालायची, हा नियम संस्थेने स्वतः घालून घ्यावा लागतो.